हाताला कळलं होतं

घरच्या घरी अ‍ॅक्रिलिक वाकवायला फारसं काही लागत नाही. निक्रोमची तार, ती ताणून बसवायला प्लायवूडची पट्टी, तारेखाली अ‍ॅल्युमिनियमचा चॅनल आणि १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय. तार तापते. जिथं वाकवायचं ती रेघ तारेच्या बरोबर वर येईल अशी शीट ठेवायची. थोड्या वेळानं तेवढ्या रेघेपुरती शीट मऊ होते. मग उचलायची, काटकोनाला टेकवायची आणि गार होईपर्यंत धरून ठेवायची. व्हिडिओत हे सगळं दोन मिनिटांत होतं.

मी हे शिकलो २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. पुण्यात पहिली नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. मार्चमध्ये मिरजेला घरी आलो आणि गच्चीवरच्या खोलीतून ऑफिसचं काम सुरू झालं. दिवसभर स्क्रीनकडे बघून झालं की संध्याकाळी हाताला काहीतरी खरंखुरं काम हवंसं वाटायचं. मोबाइलचा स्टँड, आईच्या मसाल्याच्या बरण्यांसाठी रॅक, राउटरवर बसवायचं कव्हर असं करत करत हात बसला. निदान मला तसं वाटत होतं.

पुढचं समजायला अ‍ॅक्रिलिकचा स्वभाव थोडा माहीत हवा. याचं पूर्ण नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे पीएमएमए. साधारण १०५ अंश सेल्सिअसपर्यंत ते काचेसारखं ताठ असतं. त्याच्या वर गेलं की आतल्या लांबच लांब साखळ्या हलायला मोकळ्या होऊ लागतात. पण नीट वाकवायचं तर १५० ते १६० अंशांच्या आसपास जावं लागतं. फार तापवलं तर आत बुडबुडे येतात आणि शीट वाया जाते. कमी तापवलं तर? खरी गोम इथंच आहे. कमी तापवलं तरी ते वाकतं. जोर लावावा लागतो इतकंच. मोडत नाही, आवाज करत नाही, आणि गार झाल्यावर नीट वाकवलेल्या शीटसारखंच दिसतं. फरक फक्त वाकवणाऱ्याच्या हाताला कळतो. पुरेशी तापलेली शीट गरम पोळीसारखी आपल्या वजनानंच झुकते. कमी तापलेली शीट उलटा रेटा देते.

तो रेटा नंतर जातो कुठं? कुठंच जात नाही. शीट गार होते आणि तो आत कोंडून राहतो. इंजिनिअरिंगला याला रेसिड्युअल स्ट्रेस म्हणतात. परीक्षेत त्यावर मी सहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं आठवतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मेडिकल आहे. मिरजेत दवाखाने पूर्वीपासून भरपूर, त्यामुळं मेडिकलला गर्दी कायमचीच, आणि त्या वर्षी तर विचारूच नका. जुलैमध्ये मेडिकलच्या काकांनी बाबांना विचारलं, "तुमचा पोरगा ते प्लॅस्टिकचं काय काय करतोय म्हणं. काउंटरला एक पडदा करून देतोय का बघा की." बाबांनी मला सांगितलं आणि मी लगेच हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. माझं कोड कोण वापरतं हे मला कधीच दिसायचं नाही. हा पडदा गल्लीतली सगळी माणसं बघणार होती.

डिझाइन सोपं होतं. चार मिलिमीटरची पारदर्शक शीट, दोन फूट उंच. दोन्ही बाजूंना एकेक पंख काटकोनात मागं वाकवलेला, म्हणजे पडदा आपला आपण उभा राहील. खाली औषधं द्यायला एक खाच. शीटचे पैसे काकांनी दिले, मेहनतीचे मी घेतले नाहीत.

डावा पंख दुपारीच झाला होता, अगदी मनासारखा. उजवा संध्याकाळी करायला घेतला. शीट जाड असल्यामुळं एका बाजूनं तापवून मग उलटून दुसऱ्या बाजूनं तापवावी लागते. उलटली आणि लाइट गेली. पावसाळ्यात मिरजेत लाइट जाणं ही काही बातमी नाही. पण तेवढ्यात मेडिकलमधला पोरगा पडदा न्यायला जिन्यावरून वर आला. अठरा-एकोणीस वर्षांचा, बारावीनंतर कामाला लागलेला. काकांनी सांगितलं होतं, आजच घेऊन ये, उद्या सकाळपासून लावायचाय. तो दारात उभा, लाइट कधी येणार माहीत नाही, आणि तारेवरची शीट गार होत चाललेली.

मी म्हणालो, "जरा धर रे ती बाजू." आम्ही दोघांनी मिळून ती वाकवली. रेटा देत होती. मला कळलं. त्यालाही कळलं, कारण तो म्हणाला, "दादा, एवढा जोर लावायला लागतोय व्हय?"

मी म्हणालो, "हो, असंच असतं."

काटकोन बरोबर आला होता. मी मनात म्हणालो, चालतंय की.

ऑक्टोबरमध्ये तो पडदा मोडला. पोरगा नेहमीसारखा सकाळी पुसत होता. आतला कोपरा पुसताना उजवा पंख वाकवलेल्या रेघेवर वरपासून खालपर्यंत सुटला, पुढचा भाग त्याच्या अंगावर कलंडला आणि सुटलेली कड तळहातात घुसली. चार टाके पडले.

मी संध्याकाळी गेलो तेव्हा काकाच माझी माफी मागायला लागले. "तू एवढ्या मेहनतीनं करून दिलास आणि आमच्या पोरानं वाट लावली बघ. हाताला जरा धसमुसळाच आहे तो. आपटला असणार कुठंतरी." पोरगा मागं उभा होता, हाताला बँडेज. काही बोलला नाही.

मी म्हणालो, "असू दे काका. होतं असं. दुसरा करून देतो."

या वाक्याचा मी नंतर जितका विचार केला तितका आजवर कुठल्याच वाक्याचा केला नसेल. त्यात एकही शब्द खोटा नाही. ऐकणाऱ्याला ते मोठ्या मनाचं वाटलं. काका बायकोला म्हणालेही, "पोरगं चांगलं आहे, एका शब्दानं बोललं नाही." पण त्या वाक्यात मी काय केलं होतं? मी त्या पोराला माफ केलं होतं, माझ्या चुकीबद्दल. आणि एखाद्याला माफ केलं की चूक त्याचीच होती यावर शिक्का बसतो. मी त्याच्यावर आरोप केला असता तर निदान त्याला नाही म्हणता आलं असतं. माफीला कोण नाही म्हणणार?

मोडलेले तुकडे काकांनी मलाच दिले, काही उपयोग झाला तर बघ म्हणून. रात्री खोलीत बसून मी ते बघितले. लॅपटॉपच्या स्क्रीनमधून येणारा प्रकाश पोलराइज्ड असतो. स्क्रीन पूर्ण पांढरी करायची, तिच्यासमोर पारदर्शक प्लॅस्टिक धरायचं आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघत गॉगल हळूहळू फिरवायचा. एका कोनात स्क्रीन काळी पडते, आणि प्लॅस्टिकमध्ये जिथं ताण कोंडलेला आहे तिथं उजेड आणि रंगांच्या पट्ट्या दिसतात. अ‍ॅक्रिलिकमध्ये त्या फिकट असतात, पण दिसतात. डाव्या पंखाच्या वळणावर एक पुसटसा करडा पट्टा होता. उजव्या पंखाच्या मोडलेल्या कडेला लागून पट्ट्यांची दाटी होती. आणि उजेडात तिरकं धरल्यावर त्या कडेच्या आत चंदेरी केसांसारखे असंख्य बारीक तडे दिसले.

त्या तड्यांना क्रेझिंग म्हणतात. अ‍ॅक्रिलिकला ताण नसेल तर थोड्याफार अल्कोहोलनं त्याचं लगेच काही बिघडत नाही. ताण नुसताच असेल तरी ते कदाचित वर्षानुवर्षं टिकतं. पण ताण आणि अल्कोहोल एकत्र आले की अल्कोहोल साखळ्यांच्या मध्ये शिरतं, त्यांची एकमेकींवरची पकड सैल करतं, आणि आत कोंडलेला रेटा बारीक बारीक तड्यांतून बाहेर पडायला लागतो. सॅनिटायझरमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. पोरगा तो पडदा दिवसातून तीनदा सॅनिटायझर मारून पुसायचा. अगदी मनापासून, कोपरेसुद्धा सोडायचा नाही. त्या महिन्यांत तेच बरोबर होतं.

म्हणजे हिशोब असा: शीट एकच, सॅनिटायझर एकच, पुसणारा हात एकच. डावा पंख शाबूत, उजवा मोडलेला. दोन्हींत फरक असेल तर तो एकच, त्या संध्याकाळची ती दोन मिनिटं. इतका स्वच्छ प्रयोग मला कॉलेजच्या लॅबमध्येसुद्धा कधी जमला नव्हता.

आता कुणालाही वाटेल की हे कळल्यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन सांगितलं असेल. नाही सांगितलं. तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी जी कारणं गोळा केली ती इथं मांडतो, कारण ती फक्त माझी नाहीत. तुम्हीही यातली एखाद-दोन वापरली असतील.

पहिलं बाबांनी दिलं. "प्लॅस्टिकच ते. आज ना उद्या तडकणारच." ऐकायला बरं वाटलं. पण माझ्या आजीच्या उजव्या डोळ्यात हेच प्लॅस्टिक आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांची कॉकपिटवरची छतं अ‍ॅक्रिलिकची असायची. ती फुटून तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत गेले, तेव्हा लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं की हे कण डोळा निमूट सहन करतो. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये मोतीबिंदूच्या एका रुग्णाच्या डोळ्यात या पदार्थाची लेन्स बसवली. आजीच्या ऑपरेशनच्या कार्डावर जो स्टिकर आहे, त्यावरही लेन्सचं मटेरियल पीएमएमएच छापलंय. आजी त्या डोळ्यानं सुईत दोरा ओवते. तेव्हा दोष पदार्थावर ढकलता येत नाही. तो कुणी, कसा घडवला हे विचारावंच लागतं.

दुसरं कारण मी स्वतः शोधलं. अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोल लावू नये हे कुठल्याही माहितीपत्रकात मिळतं, मग सॅनिटायझर मारला ही चूक त्यांचीच नाही का? हे माझ्या धंद्यातलं लाडकं वाक्य आहे. युजर एरर. वापरणाऱ्यानं चुकीचं बटण दाबलं. पण ते माहितीपत्रक वाचायचं काम कुणाचं होतं? पडदा मी केला होता. कोविडमध्ये मेडिकलच्या काउंटरवर सॅनिटायझर मारणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. जे मला माहीत असायला हवं होतं, ते त्याला माहीत नव्हतं म्हणून दोष त्याचा, हे तर्कात बसत नाही.

तिसरं कारण ताईनं फोनवर दिलं. "अरे, तू फुकट करून दिलास ना? मग कसली जबाबदारी? पैसे घेतले असतेस तर गोष्ट वेगळी." यात थोडं तथ्य आहे असं मला बरेच दिवस वाटलं. पैसे घेतले की वचन दिल्यासारखं होतं, फुकट दिलं की नुसती मदत. पण मग उलटं लक्षात आलं. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत असं आपण म्हणतो, आणि हे शहाणपण नेहमी घेणाऱ्याला शिकवतो. घेणारा दात मोजणार नाही, तर मग कुणी मोजायचे? काकांनी हजार रुपये मेहनताना दिला असता, तर पडदा मोडल्यावर पहिला फोन मला आला असता, "अरे, हे काय करून दिलंस?" फुकट दिल्यामुळं त्यांच्या मनात माझ्याबद्दल शंका येण्याची सोयच उरली नाही. शंका मग जवळ जो होता त्याच्यावर गेली. उपकारानं जबाबदारी कमी होत नाही. फक्त जाब विचारणारा गप्प होतो.

चौथं कारण सगळ्यात चिवट. मी मुद्दाम थोडंच केलं? माझा हेतू वाईट नव्हता. हे खरंच आहे. पण त्या संध्याकाळी मनात नेमकं काय झालं ते आठवायचा मी प्रयत्न केला. हाताला रेटा जाणवला. तो कशाचा आहे हे मला कळलं. आणि मग "चालतंय की" आलं. आमच्याकडं हा शब्द दिवसातून पन्नासदा येतो आणि बहुतेक वेळा तो छान शब्द आहे. चहात साखर कमी आहे, चालतंय की. गाडी उशिरा आहे, चालतंय की. माणसाला माणसाशी जुळवून घ्यायला तो मदत करतो. पण या सगळ्या वेळी झळ बोलणाऱ्यालाच बसणार असते. साखर कमी असलेला चहा मीच पिणार असतो. मी शीट वाकवताना तोच शब्द वापरला तेव्हा झळ दुसऱ्या कुणाला बसणार होती, आणि त्याला विचारलं नव्हतं. खरं तर तोच विचारत होता. एवढा जोर लावायला लागतोय व्हय? त्याला मी "असंच असतं" म्हणालो. हेतू वाईट नव्हता हे त्या उत्तराआधीपर्यंत म्हणता येईल. त्या उत्तरानंतर नाही.

ऑफिसमध्ये आमच्याकडं एक पद्धत आहे, ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम. एखादी सिस्टीम कोसळली की दुसऱ्या दिवशी सगळं लिहून काढायचं. किती वाजून किती मिनिटांनी कुणी कुठली कमांड चालवली, काय दिसलं, काय दिसलं नाही. नियम असा की कुणाला दोष द्यायचा नाही, सिस्टीम कशी सुधारता येईल ते बघायचं. मला ही पद्धत मनापासून पटते. माणसं घाबरली की लपवतात, आणि लपवलं की तीच चूक पुन्हा होते.

त्या तीन आठवड्यांत मी स्वतःला याच पद्धतीनं समजावत होतो. दोष शोधून काय होणार? कारणं अनेक होती: लाइट, सॅनिटायझर, घाई, डिझाइन. आता पुढचा पडदा चांगला करू. आणि केलाही. या वेळी वाकवायची भानगडच ठेवली नाही. सपाट शीट, सुताराकडून खाच पाडून आणलेले दोन लाकडी पाय, आणि कोपऱ्यात ठळक अक्षरांत चिठ्ठी: फक्त साबणाच्या पाण्यानं पुसा. काका खूश झाले.

पण ब्लेमलेस पोस्टमॉर्टेममध्ये दोष कुणालाच लावायचा नसला तरी काय घडलं ते सगळं सांगायचं असतं. ती सूट सांगणाऱ्याला मिळते. मी त्यातला माझ्या सोयीचा अर्धा भाग उचलला होता. मेडिकलमध्ये दोष एकाला लागलेला होता आणि काय घडलं ते कुणीच सांगितलेलं नव्हतं. मी वस्तू दुरुस्त केली होती. मोडलं होतं त्यातलं दुसरं काहीतरी तसंच पडून होतं.

ते काय, हे मला एका संध्याकाळी दिसलं. मी आजीच्या गोळ्या आणायला गेलो होतो. कुणीतरी खोकल्याच्या औषधाची बाटली मागितली, पोरगा ती काढायला वर हात करणार तेवढ्यात काका म्हणाले, "ए धसमुसळ्या, राहू दे, मी काढतो." चेष्टेतच म्हणाले. दुकानातले हसले, तोही हसला. मी बाहेर त्याला विचारलं, हात कसा आहे. म्हणाला, "बरा आहे की दादा. मीच जरा धसमुसळा आहे. घरातबी आई तेच म्हणती."

त्या पोराच्या हाताला जुलैमध्ये बरोबर कळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा अ‍ॅक्रिलिक धरलेलं असताना त्याला रेटा जाणवला आणि त्यानं विचारलंसुद्धा. माझ्यापेक्षा त्याचा हात जास्त प्रामाणिक होता. आणि आता त्या हातावर त्याचाच विश्वास उरला नव्हता. टाके भरून आले होते, पण हे नुकसान रोज थोडं थोडं चालूच होतं, आणि ते थांबवायला लागणारी माहिती जगात फक्त माझ्याकडं होती.

मिरजेत आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर सतारमेकर गल्ली आहे. तिथल्या सतारी आणि तानपुरे कुठं कुठं जातात. पण तानपुरा विकला म्हणून संपत नाही. तारांच्या घासण्यानं घोडीवर बारीक चरे पडतात, आवाज बसतो, मग जवारी काढायला तो पुन्हा कारागिराच्या हातात येतो. आपण केलेली घोडी कुठं झिजली, कुठं चुकली, हे करणाऱ्यालाच बघावं लागतं. तिथून जाताना पूर्वी मला फक्त खुंट्यांचा आणि तारांचा आवाज ऐकू यायचा. त्या दिवसांत मला वाटायला लागलं की केलेली वस्तू परत हातात येणं ही या कामातली मोठी शिस्त असणार. माझ्या कामात वस्तू परत येत नाही. कोड पुढं जातं, टीम बदलते, आपण कंपनी बदलतो. तो मोडलेला पडदा ही माझ्याकडं परत आलेली पहिली वस्तू होती. आणि ती परत आल्यावर मी "असू दे" म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं असताना गेलो. दोन्ही पंखांचे तुकडे आणि गॉगल घेऊन गेलो, लॅपटॉपसुद्धा. काकांना सगळं सांगितलं. त्यांनी गॉगल लावून पट्ट्या बघितल्या, "आरं तिच्या!" म्हणाले, आणि मग म्हणाले, "जाऊ दे रे, एवढं काय मनाला लावून घेतोस. लाइट गेली त्याला तू काय करणार?" मी म्हणालो, "काका, माझं जाऊ दे. पण त्यानं आपटला नव्हता. तो बरोबर पुसत होता." काकांनी मागं वळून हाक मारली, "ऐकलंस काय रं?" त्यांच्या बाजूनं तो विषय तिथं संपला. "धसमुसळ्या" मात्र नंतर माझ्या कानावर आलं नाही.

पोरगा माझ्याबरोबर दुकानाच्या पायरीपर्यंत आला. मला वाटलं होतं की तो म्हणेल, जाऊ द्या दादा. तो म्हणाला, "तुमाला तवाच म्हाईत होतं न्हवं? वाकवताना?"

"हो."

"मग तवाच का नाही सांगितलं?"

मी काहीतरी पुटपुटलो. तो आत निघून गेला. दिवाळीनंतर त्यानं ते काम सोडलं. सांगलीत कुठंतरी लागलाय असं कळलं. माझ्यामुळं सोडलं असं म्हणायला काही आधार नाही, आणि माझा काहीच संबंध नव्हता असं म्हणायलाही नाही.

त्याच्या प्रश्नातला "तवाच" माझ्या डोक्यातून जात नाही. मी तीन आठवड्यांनी सांगितलं, आणि ते न सांगण्यापेक्षा बरं होतं हे मला मान्य आहे. पण जुलैमध्ये सांगणं आणि नोव्हेंबरमध्ये सांगणं ही एकच गोष्ट थोडी उशिरा केलेली नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अ‍ॅक्रिलिकमध्ये कोंडलेला ताण काढायची रीत आहे. तिला अ‍ॅनीलिंग म्हणतात. वाकवून झालेली वस्तू ८० अंशांच्या आसपास काही तास ठेवायची आणि अगदी सावकाश गार करायची. एवढ्या उष्णतेनं घडण बिघडत नाही, पण आतला रेटा उतरतो. यातली अट एकच, हे तडे पडायच्या आधी करावं लागतं. एकदा तडे पडले की अ‍ॅनीलिंगनं ते भरून येत नाहीत. जुलैमध्ये मी फक्त एवढं म्हणालो असतो, "थांब, ही नीट तापलेली नाही, लाइट आल्यावर परत करू, उद्या ये," तर ते बोलणं उपयोगी पडलं असतं. फार तर काका एक दिवस चिडले असते. नोव्हेंबरमध्ये मी जे बोललो त्यानं त्याचं नाव थोडं साफ झालं, पण बराचसा फायदा माझाच झाला. मला झोप लागायला लागली. उशिरा कबूल केलेल्या चुकीत कबूल करणाऱ्याचा वाटा नेहमी मोठा असतो, म्हणून त्या कबुलीचं कौतुक करून घेताना मला लाज वाटते. हा लेख लिहितानाही वाटते आहे.

तेव्हा मोठमोठ्या तत्त्वांपेक्षा मी आता एक लहानशी गोष्ट धरून ठेवली आहे. काम करताना हाताला जेव्हा रेटा जाणवतो तेव्हा ते त्याच क्षणी, जो माणूस ती वस्तू वापरणार आहे त्याला सांगायचं. तो समोर नसेल तर लिहून ठेवायचं. ऑफिसमध्येही हेच. टेस्ट पास झाली, पण का झाली ते मला नीट कळलेलं नाही, असं मी हल्ली सरळ लिहितो. मॅनेजर कधी कधी वैतागतात. त्यांचंही बरोबर असतं, कारण लाइट नेहमीच अशा वेळी जाते जेव्हा कुणीतरी दारात वाट बघत उभं असतं.

तो उजवा पंख अजून माझ्या पुण्याच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. अ‍ॅक्रिलिक पुन्हा पूर्ण तापवलं की ते आपली मूळची सपाट शीट आठवून बहुतांशी सरळ होतं. एकदा तारेवर ठेवून बघावं असं मनात येतं. पण तडे तसेच राहणार हे माहीत आहे, म्हणून अजून ठेवलेलं नाही.